नवीन सोलर बॅटरी फुल चार्ज होत नाही? दुकानदाराशी भांडायच्या आधी एवढं तपासा

नवीन बॅटऱ्या येतात, टेम्पोतून उतरवायला दोन माणसं लागतात, वायरमन येऊन जोडून देतो, पहिले चार दिवस सगळं झकास. आणि मग आठवड्याभरात लक्षात येतं की रात्री नऊ-साडेनऊलाच इन्व्हर्टर टीं टीं करायला लागलाय, डिस्प्लेवरची बॅटरीची शेवटची कांडी काही केल्या भरत नाही आणि कंट्रोलरचा (पॅनलची वीज बॅटरीत सोडणाऱ्या डब्याचा) हिरवा दिवा लागलेला कुणी पाहिलेलाच नाही. मग घरात सुरू होतं, बॅटरी डुप्लिकेट दिली, दुकानदाराने गंडवलं. मला असे फोन महिन्यातून दोन-तीन तरी येतात, आणि जवळजवळ दरवेळी बॅटरी चांगलीच निघते, दुखणं दुसरीकडेच कुठेतरी असतं.

आमचं शेतघर भोरच्या वर डोंगरात आहे, तिथं अजून लाइट आलेली नाही, त्यामुळे सोलरवरच सगळं. खाली लिहिलंय ते तिथं शिकलेलं आणि नंतर आसपासच्या वस्त्यांवर बघितलेलं आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी आमचीच सिस्टीम धरतो: १५० एएचच्या (अँपियर-तास) दोन ट्युब्युलर, म्हणजे पाणी टाकायच्या लेड अ‍ॅसिड, बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे २४ व्होल्ट, वर ३३५ वॅटची दोन पॅनल आणि एमपीपीटी कंट्रोलर, म्हणजे पॅनलचं जादा व्होल्टेज करंटमध्ये बदलून घेणारा. तुमची १२ व्होल्टची असेल तर व्होल्टेज निम्मं करा, ४८ ची असेल तर दुप्पट.

एक गोष्ट आधीच सांगतो, हे काम टाळू नका. लेड अ‍ॅसिड बॅटरी रोज अर्धवट भरली आणि तशीच राहिली तर प्लेटवर सल्फेट बसून घट्ट होतं, आणि एकदा ते कडक झालं की मग कितीही चार्ज करा, तेवढी क्षमता गेली ती गेलीच. बॅटरी मुळात चांगली होती, पण तीन-चार महिने कुणी लक्ष दिलं नाही म्हणून ती खरंच खराब झाली, असं मी डोळ्याने बघितलंय. फार वाईट वाटतं, कारण लोक कर्ज काढून, गाय विकून ह्या बॅटऱ्या घेतात.

हाताशी काय पाहिजे

एक डिजिटल मल्टीमीटर, साधा चार-पाचशेवाला चालतो. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटर (अ‍ॅसिडची घनता मोजणारी नळी), बॅटरीच्या दुकानात मिळतो. जमलं तर डीसी क्लॅम्प मीटर, पण घेताना डीसी करंट दाखवतो का ते नीट विचारून घ्या, स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि घरी आणल्यावर डोक्याला हात लावायची वेळ येते. आणि एक वही, ही तर सगळ्यात महत्त्वाची.

जपायचं काय, तर बॅटरीवर काम करताना हातातली अंगठी, कडं काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, डोळ्याला चष्मा लावा, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवा कारण चार्ज होताना हायड्रोजन निघतो, तिथे बिडी-काडी अजिबात नको. काही सोडायचं असेल तर आधी पॅनलचा एमसीबी पाडा, मगच बॅटरीची वायर सोडा. जोडताना उलटं, आधी बॅटरी, मग पॅनल. हा क्रम चुकला की कंट्रोलर जळू शकतो.

पायरी १: खरंच भरत नाही, की नुसतं तसं दिसतंय?

डिस्प्लेवरच्या कांड्या आणि टक्के हा इन्व्हर्टरचा अंदाज असतो. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज फुगलेलं दिसतं, लोड चालू असताना पडलेलं दिसतं, ह्या दोन्हीवरून बॅटरीच्या पोटात किती आहे ते कळत नाही.

खरं कळायला बॅटरीला विश्रांती द्यावी लागते. संध्याकाळी ऊन गेल्यावर सगळा लोड बंद करा, इन्व्हर्टर पण बंद, तीन तास थांबा आणि मग एकेका बॅटरीच्या थेट शिशाच्या खांबावर मीटरच्या पिना टेकवून व्होल्टेज घ्या. लगवर (वायरच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) नाही, नटावर नाही, खांबावर. एका १२ व्होल्टच्या बॅटरीला १२.५ ते १२.७ च्या आसपास आलं तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.८ म्हणजे जवळपास रिकामी. एक रात्र अंधारात काढावी लागते पण त्या एका आकड्याने निम्मा प्रश्न सुटतो.

पाण्याच्या बॅटरीत हायड्रोमीटरइतकं खरं दुसरं कुणी बोलत नाही. सहाही झाकणं उघडून प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे अ‍ॅसिडची घनता, घ्या आणि वहीत लिहा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्युब्युलर बॅटऱ्यांत पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी १.२४० च्या आसपास असते, तुमच्या बॅटरीबरोबरच्या कागदावर नेमका आकडा असेल तो धरा. पाणी टाकल्या टाकल्या मोजू नका, वरचं पाणी अजून मिसळलेलं नसतं, रीडिंग खोटं येतं.

आणि भरली म्हणायची कधी? कंट्रोलर बूस्टच्या (जोरात चार्ज करतानाच्या सगळ्यात वरच्या) व्होल्टेजला, म्हणजे २८.८ च्या आसपास टेकलेला आहे, बॅटरीत जाणारा करंट उतरत उतरत दोन-तीन अँपियरवर आलाय, आणि तासाभराच्या अंतराने घेतलेली ग्रॅव्हिटी आता वाढत नाहीये. ही तिन्ही लक्षणं एकदम दिसली की भरली. कंट्रोलर २८.८ ला टेकला एवढंच बघून लोक भरली समजतात, तिथं खरं तर ती ८० टक्क्यांच्या आसपासच असते आणि उरलेले २० टक्के भरायला तीन-चार तास लागतात. लेड अ‍ॅसिडचा स्वभावच तसा, सुरुवातीला घटाघटा पिते आणि शेवटी घोट घोट.

पायरी २: दुपारी दीड वाजता दोन ठिकाणी मोजा

एवढी एकच पायरी करायची असेल तर ही करा, कारण माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त घोळ इथेच सापडतो. स्वच्छ उन्हाच्या दिवशी, दुपारी, चार्जिंग जोरात चालू असताना कंट्रोलरच्या बॅटरीवाल्या टर्मिनलवर व्होल्टेज घ्या आणि लगेच बॅटरीच्या खांबांवर घ्या. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत, ०.१-०.२ चा फरक ठीक.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. बॅटऱ्या नव्या होऊन तीन आठवडे झाले होते, रोज दुपारी कंट्रोलर २८.८ दाखवून निवांत, पण रात्री बॅकअप नाही. मी मीटर लावला तर कंट्रोलरपाशी २८.८ आणि बॅटरीपाशी २७.७. मधे एक व्होल्टच्या वर कुठेतरी गायब होत होतं. वायर ६ स्क्वेअर एमएमची, कंट्रोलर ते बॅटरी चार मीटर, जाऊन येऊन आठ मीटर, त्यात १८ अँपियरला जवळपास अर्धा व्होल्ट पडतो. पण उरलेला? तो शोधायला मी मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी त्याच खांबावर बसवलेल्या वायरच्या तांब्यावर ठेवली. तिथं शून्य यायला हवं, आलं ०.६. बोट लावलं तर लग चटका बसेल इतका गरम. ०.६ व्होल्ट गुणिले १८ अँपियर म्हणजे जवळपास ११ वॅट, एका एलईडी बल्बाएवढी वीज त्या एका लगमध्ये जळत होती. पाना लावून खोलला तर दिसलं की जोडणाऱ्याने लग क्रिम्पिंग टूलने न दाबता पकडीने चेपला होता, निम्म्या तारा आत गेल्याच नव्हत्या, बाहेरच दुमडून वर टेप मारलेली.

ह्याचा परिणाम काय होतो ते नीट समजून घ्या. कंट्रोलरला वाटतं बॅटरी २८.८ ला पोचली, म्हणून तो करंट कमी करायला लागतो. बॅटरी बिचारी २७.७ वरच असते. करंट कमी होईल तसा मधला फरकही कमी होतो, म्हणजे कधी ना कधी बॅटरी भरेल हे खरं, पण तोवर सूर्य डोंगराआड जातो. म्हणून हा दोष लबाड आहे, काहीच बंद पडत नाही, एरर येत नाही, नुसती बॅटरी रोज थोडी थोडी उपाशी राहते.

उपाय सोपा. कंट्रोलर बॅटरीपासून मीटर-दीड मीटरवर आणा, पॅनलकडून येणारी वायर लांब झाली तरी चालते कारण तिथं व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असतो. बॅटरीची वायर १६ स्क्वेअर एमएम तांब्याची वापरा. लग चांगल्या क्रिम्पिंग टूलने दाबून घ्या, गावात नसेल तर तालुक्याला इलेक्ट्रिकलच्या दुकानात तिथंच दाबून देतात. नवीन बॅटरीच्या खांबावर कधी कधी कारखान्यातलं ग्रीस किंवा रंगाचा थर असतो, तो पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, लग घट्ट बसवा, आणि मग वरून व्हॅसलिन लावा. आधी व्हॅसलिन आणि मग लग असं नाही. कोकणात खाऱ्या हवेला टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर महिन्याभरात येतो, तिथल्या लोकांनी हे दर महिन्याला बघावं. मधे डीसी एमसीबी, फ्यूज असेल तर त्याच्या दोन्ही टोकांवरही असंच मोजा. एसीचा एमसीबी डीसीला लावलेला तर मी कितीदा बघितलाय, तो बदलाच, डीसीची ठिणगी त्यात विझत नाही आणि आग लागू शकते.

पायरी ३: सेटिंग

बऱ्याच ऑफग्रिड इन्व्हर्टरमध्ये बॅटरी टाइप म्हणून मेनू असतो, त्यात एजीएम (सीलबंद, पाणी न टाकायची), फ्लडेड (पाण्याची), युजर (आकडे आपण भरायचे) आणि आता लिथियम असे पर्याय. कारखान्यातून येताना तो एजीएमवर असतो. एजीएमवर २४ व्होल्टच्या सिस्टीमला साधारण २८.२ पर्यंतच चार्ज होतं, फ्लडेडवर २९.२ पर्यंत. तुमची पाण्याची ट्युब्युलर आहे आणि जोडणाऱ्याने मेनूला हातच लावला नाही, तर बॅटरीला रोज एक व्होल्ट कमी मिळतोय. बॅटरीच्या कागदावर बूस्ट आणि फ्लोट (भरल्यावर टिकवून ठेवायचं कमी व्होल्टेज) किती लिहिलंय ते बघा आणि युजरमध्ये जाऊन तेवढंच भरा. कागद हरवला असेल तर ट्युब्युलरला बूस्ट २८.८ ते २९.२ आणि फ्लोट २७ ते २७.४ धरून चालायला हरकत नाही, नंतर कंपनीला फोन करून पक्कं करा.

चार्जिंग करंटची मर्यादाही बघा. ट्युब्युलरला क्षमतेच्या दहा टक्के करंट चांगला, १५० एएचला १५ अँपियर. ही मर्यादा कुणी १० वर ठेवली असेल तर ऊन कितीही असलं तरी बॅटरीत तेवढंच जाणार. आणि बूस्टचा वेळ. काही कंट्रोलर बूस्टला एक-दोन तास झाले की सरळ फ्लोटवर जातात, बॅटरी भरलेली असो वा नसो. तो वेळ तीन-चार तास करता येत असेल तर करा.

आता तापमानाचं, जे फार कमी लोक बघतात. चांगला कंट्रोलर तापमान वाढलं की व्होल्टेज कमी करतो, एका १२ व्होल्टच्या बॅटरीमागे दर अंशाला साधारण २४ मिलीव्होल्ट. बॅटरी गरम असेल तर हे बरोबरच आहे. पण ज्या कंट्रोलरचा सेन्सर त्याच्या स्वतःच्या डब्यात असतो आणि तो डबा पत्र्याच्या शेडच्या पश्चिमेच्या भिंतीवर ठोकलेला असतो, तो दुपारी ५० अंशाला तापतो आणि समजतो की बॅटरीही ५० अंशावर आहे. मग २५ अंशांच्या फरकाला १४.४ चे तो १३.८ करतो. बॅटरी मात्र खाली गारव्याला फरशीवर. शेजारच्या वस्तीवर एका काकांची नेमकी हीच तक्रार होती, हिवाळ्यात भरायची आणि मार्चपासून भरेना. कंट्रोलर आतल्या मातीच्या भिंतीवर हलवला, बाकी काही केलं नाही, तिसऱ्या दिवशी ग्रॅव्हिटी वर आली. कंट्रोलरबरोबर बाहेरच्या सेन्सरची वायर आली असेल तर तो सेन्सर बॅटरीच्या अंगाला टेपने चिकटवा, डब्यात तसाच ठेवू नका.

पायरी ४: पॅनलकडून किती येतंय

आधी हिशोब. पॅनलवर ३३५ वॅट लिहिलंय ते कारखान्यातल्या चाचणीचं, २५ अंश तापमान आणि हजार वॅट प्रति चौरस मीटर उन्हातलं. आपल्या छतावर एप्रिल-मेमध्ये पॅनल ६०-६५ अंशाला तापतं आणि प्रत्येक अंशाला ०.३५ ते ०.४ टक्के वीज कमी होते, वर धूळ, वायर, कंट्रोलर. तेव्हा दोन पॅनलचे ६७० वॅट म्हणजे दुपारी पाचशेच्या आसपास मिळाले तर पॅनल व्यवस्थित आहे समजा, २७ व्होल्टला तो करंट १८ अँपियर. तुमच्या सिस्टीमला ह्याच हिशोबाने किती यायला हवा ते काढा आणि क्लॅम्प लावून बघा.

निम्माच येतोय? मग पॅनलच्या एका ओळीचा (स्ट्रिंगचा) फ्यूज उडालाय का किंवा एमसी फोर कनेक्टर नीट खटकन बसलाय का ते बघा. पॅनल पुसा, कावळ्याची घाण पाण्याने जात नाही, ओल्या फडक्याने भिजवून काढा, आणि हे सकाळी करा, तापलेल्या काचेवर गार पाणी नको.

तुमचा कंट्रोलर पीडब्ल्यूएम (साधा, जादा व्होल्टेज करंटमध्ये न बदलणारा) आहे आणि पॅनल मोठं आहे का हेही बघा. ३३५ वॅटचं पॅनल ३७-३८ व्होल्टला साधारण ९ अँपियर देतं. ते पीडब्ल्यूएमने १२ व्होल्टच्या एका बॅटरीला जोडलं तर बॅटरीत ९ अँपियरच जातात, म्हणजे १३ व्होल्टला ११५-१२० वॅट. बाकीचे दोनशेच्या वर वॅट वाया. लोक म्हणतात एवढं मोठं पॅनल लावलं तरी बॅटरी भरत नाही, तर हे कारण. एमपीपीटी घ्या, पैसे वसूल होतात.

उलटा प्रकार नव्या मोठ्या इन्व्हर्टरांचा. काहींना पॅनलकडून कमीत कमी १२० व्होल्ट लागतात, त्याशिवाय ते चार्जिंग सुरूच करत नाहीत. दोनच पॅनल सिरीजमध्ये असतील तर ८० च्या आसपास व्होल्ट, तो जागाच होणार नाही. इन्व्हर्टरच्या स्टिकरवर पॅनलच्या व्होल्टेजची रेंज लिहिलेली असते, ती बघूनच पॅनल किती सिरीजमध्ये घ्यायची ते ठरवा. आणि कृपा करून शेतपंपाच्या सोलरची वायर घरच्या कंट्रोलरला जोडू नका, ती पॅनलं सिरीजमध्ये असतात, शेकडो व्होल्ट डीसी असतं त्यात, कंट्रोलर तर जाईलच, माणूसही जाईल.

सावलीबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. मेच्या मध्यात आपल्या पुण्याच्या पट्ट्यात शून्य सावली दिवस येतो, सूर्य भर दुपारी अगदी डोक्यावर. त्या दिवसांत पॅनल बसवलं तर दक्षिणेचं झाड, पाण्याची टाकी, शेजारचं कौल कशाचीच सावली पॅनलवर येत नाही आणि बसवणारा म्हणतो जागा एक नंबर. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी बारालासुद्धा ४८ अंशावरच असतो, आणि मग त्या झाडाची सावली लांबून पॅनलच्या खालच्या कडेला चिकटते. एका पॅनलच्या कडेवर हातभर सावली पडली तरी त्या पॅनलची वीज निम्म्याहून जास्त पडू शकते, कारण आतले सेल एकामागे एक जोडलेले असतात. तेव्हा सकाळी नऊ, बारा आणि तीनला छतावर जाऊन नुसतं बघून या, सावली कुठून कुठे सरकते ते. फांदी छाटणं हा कधी कधी सगळ्यात स्वस्त उपाय असतो.

पायरी ५: खर्च किती आहे

२४ व्होल्ट १५० एएच म्हणजे ३.६ युनिट पोटात, त्यातले निम्मेच वापरावेत. चांगल्या दिवशी पाच तासांचं भरउन्हाइतकं ऊन धरलं तर आमच्या दोन पॅनलमधून दोन-सव्वादोन युनिट बॅटरीपर्यंत पोचतात, आणि लेड अ‍ॅसिड त्यातले १५-२० टक्के स्वतःच खाते. राहिले १.६ ते १.९ युनिट.

आता खर्च लिहा. सगळे दिवे, पंखे लिहितात, पण इन्व्हर्टर स्वतः किती खातो ते कुणीच लिहीत नाही. मोठा ऑफग्रिड इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी ५० वॅट सहज घेतो, चोवीस तासांचे १.२ युनिट झाले, म्हणजे पॅनलने दिलेल्यातलं निम्म्याहून जास्त त्यानेच खाल्लं. त्यावर वायफायचा राउटर आणि कॅमेऱ्याचा डीव्हीआर. एका वहिनींकडे हेच निघालं, पाच केव्हीएचा इन्व्हर्टर आणि लोड काय, तर चार दिवे आणि एक पंखा. दिवे डीसीवर घेतले, इन्व्हर्टर रात्री दहाला बंद करायला लागल्या, बॅटरी रोज तीन वाजता भरायला लागली. दिवसा मोटर, मिक्सर, इस्त्री चालवत असाल तर तो करंट बॅटरीत न जाता तिकडेच जातो, तपासणीच्या दिवशी हे बंद ठेवा.

पायरी ६: आता बॅटरीकडे या

दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर चार्जिंगच्या शेवटी एकेकीचं व्होल्टेज घ्या. दोघी मिळून २८.६ छान दिसतं, पण एक १५ वर आणि दुसरी १३.६ वर असू शकते. एक उतू चाललीय, दुसरी अर्धपोटी. दुकानातून एक बॅटरी ताजी आणि एक सहा महिने पडून असलेली आली की असं होतं, म्हणून घेतानाच दोन्हींचा महिना-कोड सारखा आहे का बघा. जुनी आणि नवी बॅटरी तर कधीच एकत्र जोडू नका.

उपाय म्हणजे कमी असलेली बॅटरी सोडवून एकटीला चार्ज करणं. नवीन ट्युब्युलरला पहिला चार्ज नीट लांबलचक मिळाला पाहिजे, दुकानात पडून ती उतरलेली असते आणि दोन पॅनलवर, रोज रात्री वापर चालू ठेवून, ती तूट कधी भरूनच निघत नाही. लाइट असलेल्या पाहुण्याकडे नेऊन किंवा जनरेटरवर, कागदावर लिहिलेल्या करंटने, ग्रॅव्हिटी थांबेपर्यंत चार्ज करा. जड आहे, त्रास आहे, पण ह्या एका कामाने माझ्या बघण्यातल्या कितीतरी नव्या बॅटऱ्या सरळ झाल्यात.

सेलसेलच्या ग्रॅव्हिटीत ०.०२५-०.०३० चा फरक असेल तर इक्वलायझेशन करायचं, म्हणजे मुद्दाम थोड्या जास्त व्होल्टेजने चार्ज देऊन सगळे सेल सारखे करायचे. उंच ट्युब्युलरमध्ये सोलरच्या मंद चार्जिंगला जड अ‍ॅसिड खाली बसतं आणि वर पातळ राहतं, थोडे बुडबुडे आले की ते ढवळलं जातं. कंट्रोलरमध्ये इक्वलायझेशन चालू करा, व्होल्टेज कंपनी सांगेल तेवढंच, आधी पाण्याची लेव्हल बघा, खिडक्या उघडा, माणूस जवळ असू द्या. हे फक्त पाण्याच्या बॅटरीला. एजीएम, जेल, लिथियमला चुकूनही नाही.

पाणी डिस्टिल्डच, आरओचं नाही, बोअरचं तर नाहीच. आणि ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणून कुणी अ‍ॅसिड टाकायला सांगितलं तर ऐकू नका, आकडा वाढेल पण बॅटरी मरेल.

लिथियमवाल्यांसाठी

इथं दुखणी वेगळी. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीचं व्होल्टेज मधल्या सगळ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे व्होल्टेज बघून टक्के सांगणारा डिस्प्ले कामाचा नाही. बीएमएसचा (बॅटरीतच बसवलेलं, तिची राखण करणारं सर्किट) मीटर आत-बाहेर गेलेला करंट मोजत राहतो, आणि एकदा पूर्ण भरली की स्वतःला १०० वर आणतो. नवी बॅटरी तिथवर पोचलीच नसेल तर ८५ वरच अडकलेला आकडा दिसतो. एखादा दिवस लोड बंद ठेवून पूर्ण भरू द्या, बऱ्याचदा तेवढ्याने आकडा जागेवर येतो.

दुसरं म्हणजे सेलचं बॅलन्स. १६ सेलच्या ५१.२ व्होल्टच्या पॅकमध्ये एक सेल बाकीच्यांच्या आधी ३.६५ ला पोचला की बीएमएस चार्जिंग तोडतो, बाकी पंधरा अजून भरायचेच असतात. बीएमएसच्या अ‍ॅपमध्ये सेलनिहाय व्होल्टेज दिसतं, शेवटच्या टप्प्यात ते बघा. बॅलन्सिंगचा करंट बहुतेक बीएमएसमध्ये ५० ते १०० मिलीअँपियरच असतो, दोन एएचचा फरक काढायला २० ते ४० तास जातात, आणि तेही सेल वर टेकलेले असतानाचे तास. रोज तास-दीड तास धरला तर दोन ते सहा आठवडे. तेव्हा व्होल्टेज थोडं खाली, ५६ च्या आसपास, करंट कमी ठेवा आणि धीर धरा. दीड महिन्यानंतरही तोच एक सेल पळत असेल तर ते वॉरंटीचं काम.

दोन लिथियम पॅक पॅरलल करायचे असतील तर आधी दोन्ही वेगवेगळे पूर्ण भरा, मगच जोडा.

आणि पाऊस

आषाढ-श्रावणात घाटमाथ्यावर आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, तेव्हा बॅटरी भरली नाही तर तो दोष नाही. वापर कमी करा, आणि आठवड्या-पंधरवड्यातून एकदा जनरेटरवर पूर्ण चार्ज द्या. नवी बॅटरी शक्यतो दिवाळीनंतर घ्या, पहिले सहा महिने तिला भरपूर ऊन मिळतं.

दुकानदाराकडे जायचं कधी

वरचं सगळं केलं, पूर्ण चार्ज दिला, इक्वलायझेशन केलं, आणि तरी सहातला एकच सेल बाकीच्यांपेक्षा खूप खाली राहतो, किंवा चार्ज करून नुसती बाजूला ठेवलेली बॅटरी दोन दिवसांत १२.२ वर येते, किंवा चार्ज होताना एकच बाजू जास्त गरम लागते, तर मात्र बॅटरीतच दोष आहे, मग थांबू नका. बिल, वॉरंटी कार्ड, सिरीयल नंबरचा फोटो, आणि वहीतली पंधरा दिवसांची रीडिंग, तारीख, वेळ, प्रत्येक सेलची ग्रॅव्हिटी, दुपारचं खांबावरचं व्होल्टेज. आमच्या ओळखीच्या एका मावशींना दोनदा रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं, पॅनल कमी पडतंय म्हणून. तिसऱ्यांदा त्या वही घेऊन गेल्या, त्यात चौथ्या सेलची ग्रॅव्हिटी पंधराही दिवस १.१५० च्या खाली आणि बाकी पाच १.२३५ च्या वर असं लिहिलेलं होतं, सर्व्हिसवाल्याने स्वतःचा हायड्रोमीटर लावून बघितला आणि त्याच आठवड्यात बॅटरी बदलून मिळाली.